अरगॉनच्या बर्फातला उजेड

सांगते. त्या दुपारी मी प्रयोगशाळेत गेले ती फक्त डबा द्यायला. माझी मैत्रीण दीक्षा सकाळपासून उपाशी होती. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात तो तिच्या पीएच.डी.चा शेवटचा प्रयोग. थंड करायचं यंत्र दुसऱ्या दिवशी परत जाणार होतं.

"अरीबा, दार लाव वं. उजेड येऊन राहिला," ती म्हणाली.

खिडक्यांवर काळं कापड. टेबलावर तांब्याएवढं, काचेची बारकी खिडकी असलेलं पोलादी भांडं, त्यातली हवा पंपानं ओढून घेतलेली. आत उणे दोनशे साठ अंशांवर गोठलेला अरगॉन वायू, आणि त्या बर्फात अडकलेले कार्बनचे तीन-तीन अणूंचे रेणू. लेसर पडला की ते निळे चमकत. लेसर थांबला की चमक पापणी लवायच्या आत विझे.

मी पराठ्याचा घास तिच्या तोंडात कोंबला, ती हसली... आणि लाइट गेली.

पंप, लेसर, थंडाव्याचं यंत्र, सगळं गप्प.

"गेलं वं सगळं! पाच-दहा मिनिटांत बर्फ उडून जाईन," दीक्षा रडकुंडीला आली.

मी तिचा हात धरला. तेव्हा लक्षात आलं, पुरता अंधार झालाच नव्हता. भांड्याच्या काचेतून निळा उजेड येत होता.

"लेसर... बंद हाय ना?" मी विचारलं.

"बंदच हाय..."

विझवलेल्या वातीचा वास आला. बॅटरीवरचा तापमापक उणे दोनशे साठच दाखवत होता. दहा मिनिटं झाली, आकडा हलेना. उजेड तेवढा हळूच वाढे, हळूच ओसरे, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. बॅटरीवरच चालणाऱ्या संगणकाकडे पाहत दीक्षा कुजबुजली, "उजेडाची नोंद होऊन राहिली... बोलू नको."

अठरा मिनिटांनी लाइट आली, तसा उजेड विझला. पडद्यावर कार्बनच्या उजेडाच्या सगळ्या रेषा उमटल्या होत्या. इतक्या स्वच्छ त्या चार महिन्यांत दिसल्या नव्हत्या. दीक्षानं मला उचलून गिरकीच घेतली.

"कोणी का असंना, त्याचे लय उपकार!"

हसत हसत आम्ही उरलेला डबा संपवला.

संध्याकाळी भांडं खोललं. दोन बोटं रुंद काचेला आतून काजळी धरली होती. पुसायला गेलेली दीक्षा थबकली. काजळीत हाताचा एक पंजा उमटला होता, माझ्या नखाएवढा. पाचही बोटं स्पष्ट. एका बोटावर अंगठीची खूण होती.