धुतलेला अभ्रा

दिवा जरा बारीक करा, आणि मधेमधे "मग काय झालं" असं विचारू नका. माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे, म्हणून सांगतो.

बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री, आमच्या शेजारच्याच गल्लीतला. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली शनिवारची रात्र, साडेदहाचा सुमार, चंद्र अजून उगवायचा होता. हा बॅटरी घेऊन गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानाकडे निघाला. काम अगदी साधं. संध्याकाळच्या स्पर्धेत उडवलेल्या चकत्या वेचून आणायच्या.

चकत्या म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. त्याला ठासणीच्या बंदुकांचा भारी नाद. तसल्या बंदुकीत तोंडाकडून आधी दारू ओततात. बंदुकीची दारू, हसू नका. मग मेण आणि एरंडेल मुरवलेली कापडाची गोल चकती, तिच्यावर गोळी, आणि गजाने सगळं खाली ठासायचं. चकतीमुळे गोळी नळीत घट्ट बसते. बार उडाला की चकती थोड्या अंतरावर जाऊन पडते. कापड सुती आणि घट्ट विणीचं हवं, आणि कापण्याआधी गरम पाण्यात धुवायलाच हवं, नाहीतर तेल मुरत नाही. या धुण्याच्या बाबतीत मिस्त्री भलता काटेकोर.

त्याची मुलगी भिंगरी सात वर्षांची असताना तापाने गेली. बापाच्या सदा पायात पायात असायची. उडालेल्या चकत्या फ्रॉकच्या ओच्यात गोळा करून मोठ्या जाणत्यासारखी निकाल द्यायची, ही जळली, ही बरी आहे. खोड एकच वाईट. डब्यात ओतलेलं मेण थिजायला लागलं की त्यात अंगठा दाबायची. बाप दर वेळी ओरडायचा आणि ती दर वेळी दाबायची. ती गेल्यावर डब्यातलं मेण गुळगुळीत राहू लागलं.

त्या स्पर्धेच्या दिवशी सकाळीच कापड संपलं. बायको बाहेर गेली होती. कपाटात अगदी तळाशी पट्ट्यापट्ट्यांचा एक अभ्रा सापडला. घरात तसले आणखीही होते, त्यामुळे त्याने फार विचार केला नाही. धुतला, वाळवला, कापला. संध्याकाळी सगळ्या चकत्या उडवून खुशीत घरी आला. जेवणं आटोपल्यावर उरलेलं मेण वितळवून डब्यात ओतलं, डबा ओट्यावर थिजत ठेवला. तेवढ्यात आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज झाला.

बायको दारात येऊन उभी राहिली. अभ्रा भिंगरीचा होता. शेवटच्या आजारात तिच्या उशीला होता तो. रोज रात्री नवऱ्याचा डोळा लागला की ती बाई तो नाकाशी धरून बसायची, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मिस्त्रीने खरं ते सांगून टाकलं.

"कापलात त्याचं काही नाही," ती म्हणाली. "धुतलात का?"

"गरम पाण्यात," तो म्हणाला.

"मग गेलं सगळं. मी सकाळच्या गाडीने ताईकडे जाते. तुमच्याकडे बघवत नाही मला."

म्हणून तो निघाला होता. वास काही परत येणार नाही, हे त्यालाही कळत होतं. पण निदान चिंध्या तरी तिच्या हातात ठेवाव्यात, तिने थांबावं. एक गेली होती, आता हीही गेली तर घरात परत पाऊल टाकण्याची त्याची छाती नव्हती.

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. वारा पडलेला. त्याने बॅटरी जमिनीलगत धरली. इतरांच्या पांढऱ्या चकत्या होत्या. पट्ट्यांची एकही नाही. पुन्हा पाहिलं. एकही नाही.

मग पुढे अंधारात काहीतरी हललं. बुटकं. वाकलेलं. उचलत होतं... थांबत होतं... उचलत होतं.

"ही जळली," आवाज आला. "ही बरी आहे."

बॅटरी हातातून पडली. विझली.

"भिंगरे..."

तो चाचपडत दोन पावलं पुढे गेला.

"बाळ, माझं चुकलं गं..."

अनवाणी पावलं. अगदी जवळून. घराच्या दिशेने...

तो धावत सुटला. रस्ताभर पावलं पुढे. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

घरात दिवा होता. दाराला आतून कडी. बायकोने दार उघडलं, भरलेली पिशवी तिच्या पायाशी होती. कोण आलं होतं, त्याने विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली. मग तिने ओट्यावरचा डबा त्याच्यापुढे धरला.

मेणाच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता.

त्याने आधी तिच्या हातांकडे पाहिलं. तिने आपला अंगठा ठशावर टेकवून दाखवला. मावेना. करंगळीचं टोक तेवढं गेलं... आणि ते तिने बराच वेळ तिथून काढलं नाही. दोघंही ओट्यापाशी उभी राहून रडली, पोर गेल्यापासून पहिल्यांदाच एकत्र.

सकाळची गाडी तिला न घेताच गेली. पट्ट्यांच्या चकत्या कुणालाही कधी सापडल्या नाहीत. डबा मात्र मी स्वतः पाहिलाय. दोन उन्हाळ्यांत मेण मऊ पडून कडेकडेने पार सपाट झालंय. ठसा आहे तसाच आहे.