नवी सुई

चलान भरून सुटायचे दिवस केव्हाच सरले होते. आता वेगमर्यादा मोडली की परवाना तुमच्याकडेच राही, पैशाचंही कोणी नाव काढत नसे. खांद्यात एक सुई टोचली जाई, बस्स. कागदोपत्री तिचं नाव 'सरावरोध'. ड्रायव्हर मंडळी म्हणत, नवी सुई.

शिवन्या तोडकरला ती टोचून चार महिने झाले होते, आणि आज ती दुधाचा टँकर थेट वेगनियंत्रण केंद्राच्या दारात लावून भांडायला आली होती. बावन्न वर्षांची बाई, निम्मं आयुष्य घाटात गाडी चालवण्यात गेलेलं. घाटात आपोआप चालणाऱ्या गाड्यांचा अजून भरवसा नव्हता, तिथं माणूसच लागे.

"काढा ही," डॉ. रेयांश बागवेंच्या समोर बसत ती म्हणाली. "रिकाम्या रस्त्यानं ब्याऐंशीनं गेले. कुणाला उडवलं नाही मी."

"गाडी चालवताना भीती वाटते का, ताई?"

"काटा पन्नासच्या वर गेला की पाय आपसूक ब्रेकवर जातो. नवी नवी शिकत होते तेव्हा जायचा तसा."

"म्हणजे औषध लागू पडलंय." डॉक्टर सरसावून बसले. समजावून सांगायची त्यांना भारी हौस. आपल्या मेंदूला नव्याचंच भान असतं, ते म्हणाले. नवी अंगठी बोटाला दोन दिवस जाणवते, मग तिचा विसर पडतो. वेगाचंही तसंच. रोज ऐंशीनं जाणाऱ्याला ऐंशी म्हणजे काहीच वाटत नाही. ही सवय होण्याची क्रियाच सरावरोधानं सहा महिने थांबते. मग तोच वेग दर वेळी पहिल्यांदाच भेटतो.

"नुसता वेग भेटत नाही, डॉक्टर. माझा नवरा भेटतो."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

संग्रामला जाऊन नऊ वर्षं झाली होती. कावीळ झाली आणि आठवड्यात माणूस गेला. पहिलं वर्ष तिनं कसं काढलं ते तिचं तिलाच ठाऊक. मग रडू आटलं, त्याच्या फोटोखाली बसून ती निवांत चहा पिऊ लागली, आणि पुढं पुढं तर फोटो दिसेनासाच झाला. सुई टोचल्याच्या दुसऱ्या सकाळी तिची नजर वर गेली आणि ती मटकन खाली बसली. तो आत्ताच गेला होता. चार महिने रोज सकाळी तो आत्ताच जात होता.

"ही शिक्षा कुठल्या कलमात बसते, तेवढं दाखवा मला."

"कुठल्याच नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "वेगाची सवय आणि दुःखाची सवय मेंदूत एकाच ठिकाणी होते, हे आम्हाला उशिरा कळलं. चूक आमची आहे. उरलेली शिक्षा मी माफ करतो, उतारा तयार आहे. उद्या उठाल तेव्हा सगळं पहिल्यासारखं असेल. तो फोटो नुसता फोटो होईल."

बाही वर सारणारा शिवन्याचा हात थांबला.

"आणि तो? ओला टॉवेल खाटेवर टाकायचा आणि माझ्या शिव्या खायचा. त्याचा आवाजसुद्धा विसरले होते मी. आता ऐकू येतो."

"ताई, तुम्हीच काढा म्हणालात."

"म्हणाले होते. एकदा पोचवलंय त्याला स्मशानात. परत नाही पोचवायची मी."

"दोन महिन्यांनी औषध आपोआप उतरेलच. आणि गुन्ह्याशिवाय ही सुई देता येत नाही, कुणी मागितली तरी."

"मग गुन्हा करायला लागेल."

"तुमच्यानं होणार नाही. भीतीनंच पाय उचलला जाईल."

"बघू की," म्हणत ती उठली.

गाव मागं पडल्यावर तिनं पाय दाबला. साठला तिनं स्टिअरिंग गच्च आवळलं, सत्तरला ती मोठ्यानं आकडे मोजू लागली. कॅमेऱ्याचा खांब अजून लांब होता. तेवढ्यात अरुंद रस्त्यावर समोरून दुचाकीवर दोघं आली, मागची बाई मांडीवर पिशवी धरून बसलेली. शिवन्याला दोघं अगदी स्वच्छ दिसली. पाय उचल, असं तिचं सगळं अंग सांगत होतं. तिनं उचलला नाही. दुचाकी कडेच्या मातीत उतरून आडवी झाली आणि खांबावरचा दिवा चमकला.

पुढं जाऊन तिनं टँकर कडेला घेतला. आरशात दुचाकीवाला बाईला हाताला धरून उठवत होता. शिवन्यानं बाहीनं तोंडावरचा घाम पुसला.

"सहा महिने मिळाले बघ," ती संग्रामला म्हणाली, आणि पुढचा कॅमेरा किती लांब आहे ते नकाशात शोधू लागली.