तुमच्या मापाचं

रफूताईचं खरं नाव इस्पितळात कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तिथल्या चादरी रफू केल्या, म्हणून रफूताई. निवृत्त झाली आणि घर खायला उठायला लागलं. नवरा कधीचाच गेलेला, मुलगा परदेशी, त्याचा फोन आला तर आला. मग तिने उरलीसुरली लोकर काढली आणि क्रोशाच्या चिमण्या विणायला घेतल्या. एक बसथांब्यावर ठेवायची, एक बागेतल्या बाकावर, एक वाचनालयाच्या पायरीवर. सोबत चिठ्ठी : ‘सापडेल त्याची. आवडली तर फोन करा.’ खाली नंबर.

दुसऱ्या दिवशी चिमणी गायब. फोन मात्र... छे! अकरा महिन्यांत एकही नाही. कौतुक नको होतं हो तिला, नुसता कुणाचा तरी आवाज हवा होता.

आणि एका दुपारी, चारच्या सुमाराला, फोन वाजला.

“चिमणी मिळाली, ताई.” बाईचा आवाज, अगदी हळू. शेजारी कुणी निजलेलं असावं तसा.

रफूताईला आभाळ ठेंगणं झालं. “कुठली हो? पिवळी का?”

“सगळ्याच.”

“अगंबाई! सगळ्या तुम्हालाच?”

“दुसरं कुणी घेतच नव्हतं.”

हे तिला जरा लागलं. पण फोन रोज चारला यायला लागला, आणि रफूताई पावणेचारलाच वेणीफणी करून बसायला लागली. फोनसाठी कुणी केस विंचरतं का? ही विंचरायची. गुडघेदुखीपासून मुलाच्या बालपणापर्यंत सगळं सांगून व्हायचं. बाई ऐकायची.

“चिमण्या उसवल्या हं मी,” एकदा ती म्हणाली. “स्वेटर विणतेय. तुमच्या मापाचा.”

“इश्श! माझं माप कुठून मिळालं?”

पलीकडून टाके मोजल्याचा आवाज आला. मग...

“रोज घेते ना. तुम्ही निजलात की.”

रफूताईची पाचावर धारण बसली. फोन बंद केला, कड्या तपासल्या, पलंगाखाली काठी फिरवून पाहिली. कुणी नव्हतं. चिमण्या विणणंही थांबवलं.

पंधरा दिवस काही म्हणता काही झालं नाही. भीती चौथ्या दिवशीच विरली, मागे उरलं ते चार वाजताचं घर. सोळाव्या दिवशी तिने फोन सुरू केला. वाजला नाही. सांगायला लाज वाटते, पण रफूताई ढसाढसा रडली. शेवटी लोकरीच्या तुकड्यांतून एक चिमणी विणली आणि स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर ठेवली.

दार लावून वळली, तर पलंगावर स्वेटर.

पिवळी, निळी, करडी... एकेक लोकर तिने ओळखली. जन्मभर लोकांचं सांधलं, पण तिच्यासाठी कुणी एक टाका घातला नव्हता. तिने तो अंगात घातला. खांदे, हात, कंबर, सगळं नेमकं. आणि ऊब अशी, की डोळेच मिटले.

थोड्या वेळाने काढायला गेली, तर निघेना. रफूवालीच ती, शेवटची गाठ शोधायला पाठीमागे बोटं नेली. गाठ नव्हती. बोटांखाली एक टाका सरकला, त्यावर दुसरा पडला. विणकाम चालूच होतं.

“हलू नका हं, ताई,” आवाज कानाशी आला. “थोडंच राहिलंय...”

रफूताईने दाराकडे पाहिलं. तरी ती हलली नाही.

“सावकाश होऊ दे,” ती म्हणाली. “दमलात का हो?”

गळ्याची पट्टी तोवर तिच्या हनुवटीवर चढली होती.