स्मरणविद्येचा चौथा नियम

दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता मस्कतच्या अल् घुब्रातल्या प्रेमानंद तांबेच्या फ्लॅटमध्ये चार माणसं जेवणाच्या टेबलाभोवती बसायची आणि दिवेलागणीपर्यंत भलत्याच राज्यात वावरायची. खेळ फाशांचा आणि बोलण्याचा. प्रेमानंद गोष्ट सांगायचा, बाकीचे तिघं त्या गोष्टीतले वीर व्हायचे. कौशिक पुण्याचा, दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवणारा. खेळात तो लोहार होता. सोलापूरची मुनिबा फार्मसिस्ट. ती खेळात चोर. आणि नागपूरची रचना एका ऑफिसात ड्रॉइंग्ज काढायची, ती मांत्रिक. प्रेमानंदची बायको सोडली तर चौघांचंही तिथे सख्खं असं कोणी नव्हतं. शुक्रवार होता म्हणून बाकीचा आठवडा निघायचा.

प्रेमानंदचा धंदा एअर कंडिशनिंगचा. अल् खुवैरच्या ऑफिसात तो इमारतींमधली हवा मोजायचा. घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा पाळल्या, श्राद्ध केलं नाही, कावळ्याला घास ठेवला नाही, आणि ते गेल्यावर प्रेमानंदनेही काही केलं नाही. त्याला ते योग्यच वाटत होतं.

नव्या मंत्रविद्येची कल्पना मात्र त्याला मेलेल्यांवरूनच सुचली. त्याच्या प्रोजेक्टवर मेक्सिकोचा एक इंजिनिअर होता. नोव्हेंबर लागला की तो खोलीत तीन पायऱ्यांची मांडणी करायचा: वर फोटो, खाली पाणी, मीठ, आवडीचं जेवण, आणि दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आपली माणसं वर्षातून एकदा जेवायला येतात, म्हणायचा. प्रेमानंदने त्याला विचारलं, हे आमच्या खेळात वापरू का?

"वापर की," तो म्हणाला. "फोटो कोणाचा ठेवणार?"

"कोणाचाच नाही. माणसं आम्ही कल्पनेने बनवणार."

तो हसत होता, तो थांबला. "मग येणार कोण?"

प्रेमानंदने ते थट्टेवारी नेलं. दोन संध्याकाळी बसून त्याने नियम लिहिले आणि नाव दिलं स्मरणविद्या. एक, मृताचं कार्ड लिहून मांडणीवर ठेवायचं. दोन, त्याची एखादी आठवण सांगायची. आठवण जितकी बारीक, तितका मंत्र जोरकस. तीन, मृत एका लढाईपुरतं आपलं कसब देतो. चार, खरा मेलेला माणूस आणायचा नाही. पाच, काम झालं की त्याला "जा" म्हणायचं.

मत्रहच्या बाजारातून त्याने झेंडू आणला. टीव्हीशेजारी खोक्यांच्या तीन पायऱ्या रचल्या, त्यांवर चादर घातली, पाण्याचा पेला ठेवला, आणि दारापासून पाकळ्यांची वाट काढली.

त्या शुक्रवारी वीरांना काळं तळं ओलांडायचं होतं. रचनाने कार्ड लिहिलं: गंगुबाई. खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) वेचायची. होडीतून पडून बुडाली. आवड: नाचणीची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं. जिला पाण्याने नेलं ती पाण्यावरून चालवत नेईल, असा तिचा हिशेब. फासेही भरभरून पडले. तळं ओलांडलं. कौशिकने टाळ्या वाजवल्या.

"नागपूरकरणीला तिसऱ्या कुठून माहीत?" प्रेमानंदने विचारलं. त्याचं गाव दापोलीकडे, खाडीकाठी. तिसऱ्या त्याच्या लहानपणातल्या.

"कुठेतरी वाचलं असेल, प्रेमदादा. सुचलं."

आवरताना त्याला दिसलं की मांडणीवरच्या पेल्यातलं पाणी दोन बोटं उतरलं होतं. खोलीत चोवीस अंश, दमटपणा पंचेचाळीस टक्के. तीन तासांत अर्धा मिलिमीटरही उडायचं नाही. कौशिकनेच प्यायलं असणार, त्याने ठरवलं, आणि पेला धुऊन पालथा घातला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा गंगुबाईची गरज पडली. या वेळी आठवण मुनिबाने सांगितली. "तिचा डावा कान फाटलेला. कुडी ओढली गेली होती ना."

"म्हणून तर ती पदर त्या बाजूला घेते," कौशिक लगेच म्हणाला.

"हे कधी ठरलं?" प्रेमानंदने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुनिबा म्हणाली, कार्डावर आहे. कार्डावर नव्हतं. कौशिक म्हणाला, ग्रुपवर रचनाने टाकलं होतं. प्रेमानंदने तिथल्या तिथे ग्रुप उघडून वर महिनाभराचं वाचलं. गंगुबाईचं नावसुद्धा नव्हतं. रचना फाशाशी चाळा करत होती.

त्याला राग आला. तिघं मिळून आपली फिरकी घेताहेत, हे त्याला दिसतच होतं. खेळ तो चालवायचा; आणि हे तिघं त्याच्या पाठीमागे वेगळाच खेळ चालवत होते.

"तुला काय वाटतं?" रात्रीचं जेवताना त्याने श्वेताला विचारलं. त्याची बायको खेळात नसायची. चहा द्यायची आणि आत पुस्तक वाचत पडायची.

"काय वाटायचंय? गंमत करत असतील."

"गंमत असेल तर हसतं कोणीतरी. कोणी हसलं नाही."

मग त्याने सापळा लावला. ऑफिसात एका कागदावर लिहिलं: गंगुबाईला दयानंद नावाचा मुलगा होता. पाकीट चिकटवलं, टेबलाच्या खणात ठेवून किल्ली खिशात घातली. कोणाला बोलला नाही, श्वेतालाही नाही. शुक्रवारी ते पाकीट खिशात घालूनच तो टेबलाशी बसला.

"आज आधी एक काम," तो म्हणाला. तिघांना एकेक चिठ्ठी दिली. "गंगुबाईच्या मुलाचं नाव लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

"आम्हाला कसं माहीत असणार?" कौशिक म्हणाला.

"कान माहीत होता ना? लिही."

बाहेर लख्ख ऊन होतं. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. तिघांनी लिहिलं, घडी घातली, पुढे सरकवली. प्रेमानंदला मनातून खात्री होती. तिन्ही चिठ्ठ्या कोऱ्या असतील, किंवा तीन वेगळी नावं असतील, आणि मग तो यांना चांगला फैलावर घेईल.

त्याने पहिली उघडली. कौशिकचं वेडंवाकडं अक्षर.

मला मूल नव्हतं.

दुसरी, मुनिबाची. मला मूल नव्हतं.

तिसरी उघडायला त्याला थोडा वेळ लागला. तेच होतं.

त्याने तिन्ही टेबलावर टाकल्या. "कोणी ठरवलं हे?"

मुनिबाने आपली चिठ्ठी उचलली. ती तिने दोनदा वाचली. "प्रेमभाई, मी 'माहीत नाही' लिहिलं होतं. अल्लाची शपथ."

"मीपण," कौशिक म्हणाला. "अक्षर माझंच आहे, पण मी..."

"खलास! बास झालं!" प्रेमानंद ओरडला. "तुम्हाला काय मी मूर्ख वाटतो? रचना, तूच सुरू केलंस. माझ्या गावची माहिती काढलीस. कोणाला फोन केलास? माझ्या आईला?"

रचना रडली नाही. ती मांडणीकडे बघत होती. "मी कोणाला फोन केला नाही, दादा. मी नाव लिहिलं, बस. ती आधी नव्हती आणि मी लिहिलं."

कौशिक खुर्ची मागे ढकलून उठला. इतक्या वर्षांत मला कोणी खोटारडं म्हटलं नव्हतं, एवढं बोलून तो गेला. मुनिबा त्याच्या मागोमाग. रचना शेवटी गेली, चप्पल हातात घेऊन, पाकळ्यांच्या वाटेच्या कडेकडेने.

प्रेमानंदने तसंच उभ्याउभ्या सगळं आवरलं. खोकी मोडली, झेंडू कचऱ्याच्या पिशवीत कोंबला, कार्डाचे आठ तुकडे केले. पिशवी खालच्या मोठ्या डब्यात नेऊन टाकली.

संध्याकाळी रचनाचा मेसेज आला. तिला जा म्हणालात का? की नुसतं आवरलंत?

जी आलीच नाही तिला जा काय म्हणायचं? त्याने रचनाचा नंबर ब्लॉक केला.

तीन शुक्रवार रिकामे गेले. डिसेंबरच्या एका शनिवारी सकाळी आईचा फोन आला. गावाकडची थंडी, गुडघे, शेजारच्यांचं भांडण. मग ती म्हणाली, "उद्या गंगुआत्याला जाऊन छत्तीस वर्षं होतील. मी विहारात खीर देणार आहे. तू पण तिची आठवण काढ हो."

प्रेमानंद हॉलमध्ये उभा होता. तो हळूच म्हणाला, "आई, तुला रचनाचा फोन आला होता?"

"कोण रचना?"

"बाबांना बहीण नव्हती. बाबा एकुलते एक होते."

"असं बोलू नये रे," आई म्हणाली. "तुला तिने कडेवर वाढवला. तिला स्वतःचं नव्हतं, तुलाच मानायची. कोणी तुला दोष दिला का कधी? पाच वर्षांचं पोर तू."

"कसला दोष?"

आईने फोन ठेवला होता.

तो स्वयंपाकघरात गेला. श्वेता कणीक मळत होती.

"श्वेता, बाबांना बहीण होती का?"

"गंगुआत्या?" ती मागे न वळता म्हणाली. "तूच सांगितलं होतंस ना, लग्नाआधी. केवढा रडला होतास."

"काय सांगितलं होतं मी?"

तिचे हात थांबले. ती वळली आणि कणकेच्या हातानेच त्याच्या दंडाला धरलं.

"नको ना प्रेम. पुन्हा नको."

तो तिला सांगणार होता, की हे खोटं आहे, हे सगळं एका कार्डावर लिहिलेलं होतं. त्याने तोंड उघडलं.

आणि त्याला ओहोटीच्या चिखलाचा वास आला. होडीचं ओलं फळकूट. शिंपल्यांनी खरखरीत झालेला एक मोठा हात, त्याच्या दोन्ही मुठींत धरलेला, पाण्याकडून ओढला जाणारा.

ती ओरडली नव्हती. ती नुसती त्याच्याकडे बघत होती.

हात त्यानेच सोडला होता.