तीन नंबरची टोपली

ए स्वप्निल, तो मोबाईल उलटा ठेव आधी. तोंडावर उजेड मारून भुताची गोष्ट ऐकायची असते होय? आणि क्रांती, तू दाराकडे पाठ करून बसू नकोस. सरक इकडे. का, ते कळेल.

आपला हर्षद माहीत आहे ना, थळच्या अलीकडे घर आहे तो? त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला. मी एक अक्षर पदरचं घालत नाही. पटलं तर घ्या, नाहीतर जाऊन झोपा.

ह्या हर्षदला एक नाद. जुन्या कचेऱ्यांत साहेबांच्या टेबलाखाली तारेच्या केराच्या टोपल्या असायच्या, उंच, जाळीच्या, तोंडाशी पसरट. प्लास्टिक यायच्या आधीच्या. त्या हा गोळा करायचा. भंगारवाल्याकडून आणायचा, गंज घासायचा, तेलाचा हात फिरवायचा. एकीत मनीप्लांट, एकीत छत्र्या. एक उलटी टांगून आत बल्ब सोडलेला. रात्री सगळ्या भिंतीवर जाळीची सावली. दिसायचं झकास, खोटं कशाला बोलू? त्याची बायको तेजस्वी म्हणायची, "लोक कचरा घराबाहेर काढतात. आमच्याकडे टोपलीला ओवाळायचं तेवढं बाकी आहे!"

अशा अकरा झाल्या होत्या. बारावी मात्र त्याला एका ठरावीक जागेची हवी होती.

त्याचे वडील बाबाजी केवडखारच्या बांध मंडळीत हेडक्लार्क होते. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून जो बांध असतो, त्याची देखभाल करणारी ती मंडळी. चार वर्षांमागं बाबाजींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नुसते बघत पडलेले असायचे. पोराचा बापावर फार जीव. त्याला वाटलं, कचेरी पाडायला काढलीय, त्यांच्या टेबलाखालची टोपली आणून समोर ठेवावी. ओळखतील. एखादा शब्द तरी फुटेल तोंडातून. त्या एका शब्दासाठी तडफडत होता तो.

तारीख दोन सप्टेंबर, दोन हजार चोवीस. सोमवार. पिठोरी अमावास्या. तेजस्वी माहेरी गेलेली. हा संध्याकाळी साडेपाचला मोटरसायकल काढून केवडखारला पोचला. तिथला म्हातारा राखणदार, रावजी, त्यानं अडगळीतून टोपली काढून दिली. काठाला पत्र्याचा बिल्ला, त्यावर आकडा तीन. तळाला कागदाचा लगदा चिकटून वाळलेला.

टोपली गाडीला बांधताना रावजी म्हणाला, "शोभेला नेतोस व्हय? बघ बाबा. लय अर्ज गिळलेत तिनं."

"म्हणजे?"

"आवडाबाई म्हणून व्हती गावात. नवरा न्हाय, एकच पोर. कुलदीप. दर सोमवारी अर्ज घेऊन यायची. म्हनायची, बांधाच्या उघाडीची फळी सडलीय, बदला." उघाडी म्हणजे बांधातलं दार रे, पाणी सोडायचं. "हेडक्लार्क बसवून घ्यायचा, अर्ज घ्यायचा, आन् तिची पाठ वळली की चुरगाळून टोपलीत. म्या सोता बघितलंय. मग एका पिठोरीला उधाण आलं. फळी गेली, बांध फुटला. ती वाण घेऊन उभी, आन् पोर न्हाय. तीन दिवसांनी गावलं. ती बी मग र्‍हायली न्हाय."

हर्षदनं हेडक्लार्कचं नाव विचारलं नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती. पण सांगितलंही नाही, की तो माझा बाप. शरमेनं कान तापले त्याचे. टोपली तिथंच टाकावी असं एकदा मनात आलं. पण आता त्याला बापाला विचारायचं होतं.

घरी आल्यावर त्यानं टोपली बाबाजींच्या खाटेशी, पायाकडे ठेवली. कचेरीत असायची तशी.

बाबाजींनी ओळखली. लगेच ओळखली. डाव्या हातानं चादर घट्ट धरली.

"बाबा, आवडाबाईचं ते... खरं आहे?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मिळालं उत्तर. हर्षद न जेवताच खाटेशेजारी चटई टाकून आडवा झाला. बापाचा राग आला होता त्याला, आणि रागाचं वाईटही वाटत होतं.

आता पिठोरीचं तुम्हा पोरांना सांगायला हवं. त्या दिवशी आई पोरांसाठी उपास करते. संध्याकाळी पूजा झाली, की पोराला पाठीमागं उभं करते. वाण डोक्यावर धरते, मागं वळून बघत नाही, आणि विचारते, "अतीत कोण?" म्हणजे पाहुणा कोण आलाय. पोरानं म्हणायचं, "मी." मग ती तसंच मागच्या मागं वाण देते. हर्षदची आई मनुबाई, जाईपर्यंत दरवर्षी करायची. हा दाढीमिशा आलेला बाप्या, पण आईच्या मागं उभा राहून "मी" म्हणायचा. अंगात मुरलेलं होतं ते.

रात्री बाराला दहा कमी. अमावास्येची भरती बाराच्या सुमाराला भरते. लाईट गेली. पंखा थांबला, त्यानं हर्षदला अर्धवट जाग आली.

कागद चुरगाळल्याचा आवाज.

चुर्र...

टोपलीत काहीतरी पडलं. मऊ. ओलं.

पुन्हा चुर्र... पुन्हा पडलं.

त्याला वाटलं, उंदीर. कूस बदलली. खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा वास आला. घरात. दारं बंद असताना.

आणि उंबऱ्याशी कोणीतरी उभं होतं. बाई. पाठ इकडे. दोन्ही हात डोक्यावर, हातात काहीतरी धरलेलं. लुगड्याचं पाणी टपटप गळत होतं.

"अतीत कोण?"

अरे, झोपेतला माणूस. वर्षानुवर्षांची सवय. आई गेलीय हे आठवायच्या आतच तोंडातून निघालं...

"मी."

निघालं ते निघालं.

ती हसली नाही. रडली नाही. मोठा श्वास सोडला फक्त. किती वर्षांचा तुंबलेला, तिलाच ठाऊक. हात मागं आले. हर्षदच्या हातात काहीतरी पडलं. गार. ओल्या कागदाचा बोळा.

तो उभा होता. कधी उठला, माहीत नाही.

"चल, बाळा. उधाण आलंय."

ती चालू लागली. मागं न बघता.

हाही.

पाय ऐकेनात. पायाखाली लादी होती. मग लादी नव्हती... चिखल होता. पाणी घोट्याला. मग गुडघ्याला. खारं, गार. पुढं नुसता अंधार, आणि पाणी घुसल्याचा आवाज. त्याला पक्कं कळलं, ती आपल्याला परत आणणार नाही. कशाला आणेल? तिचं पोर सापडलं होतं.

पाणी कमरेला.

मग मागून... खाटेकडून...

कर्र.

टाक कागदावर ओढल्याचा आवाज.

कर्र... कर्र... कर्र...

हातातला बोळा नव्हता. कधी गेला, कोणी घेतला...

ती थांबली.

डोक्यावरचे हात हळूहळू खाली आले. पाणी कमरेवरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून घोट्यावर.

"झाला?" तिनं विचारलं. हर्षदला नाही. त्याच्या पलीकडे कोणाला तरी.



लाईट आली.

उंबऱ्याशी कोणी नव्हतं. हर्षद दाराच्या कडीला हात घालून उभा होता. कमरेपर्यंत भिजलेला. त्यानं मागं वळून बघितलं.

बाबाजी खाटेवर उठून बसले होते. चार वर्षांत कोणी उठवल्याशिवाय न बसलेला माणूस. मांडीवर तो कागद, सरळ केलेला. आवडाबाईचा अर्ज, अक्षरं धुऊन गेलेली. आणि खाली ठसठशीत वळणदार अक्षर, हर्षदनं लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बघितलेलं: "मंजूर. उघाडी तातडीने दुरुस्त करावी." खाली सही.

बाबाजींच्या उजव्या हाताला, त्या मेलेल्या हाताला, अंगठ्यावर आणि दोन बोटांवर निळी शाई.

शाईचं पेन त्या घरात नव्हतं रे. दौत तर नाहीच.

हर्षद बापाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. सकाळपर्यंत कागदाचा लगदा झाला होता. त्यानं तो टोपलीत ठेवला, टोपली केवडखारला नेली आणि बांधावरून खाडीत सोडली. उरलेल्या अकरा भंगारात दिल्या. घर आता भुंडं दिसतं, पण तेजस्वी एका शब्दानं बोलली नाही.

शाई मात्र बाबाजींच्या बोटांवरून निघेना. साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं. डाग तसाच. हात पुन्हा कधी हलला नाही, वाचाही आली नाही. पण त्या रात्रीपासून म्हातारा गाढ झोपायचा.

मार्गशीर्षात गेले. शेवटची आंघोळ घालताना हर्षदनं बापाचा उजवा हात आपल्या हातात घेतला, आणि खाली ठेवला तेव्हा त्याच्या तळव्यावर तीन बोटं उमटली होती. निळी.

तीन महिने झाले होते पोरांनो. शाई ओली होती.