दीड हाताची फळी

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात बाजारपेठेच्या मागे एका रांगेत सहा खोल्या आहेत. त्यातली चौथी भामाबाईंची. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. त्यातच ओटा, मोरी, लोखंडी कॉट आणि भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. नवरा रंभाजी साखर कारखान्यातून रिटायर झाला आणि दोन वर्षांत गेला. पुढची आठ वर्षं भामाबाई तिथे एकट्याच राहत होत्या. फेब्रुवारीत त्या खोलीतल्याच एका गाठोड्याला अडखळून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं.

मुलगा संदीप चाकणहून आला. दारातूनच त्याने आत पाहिलं. छतापर्यंत रचलेले डबे, बोचकी, पिशव्या, कॉटखाली आणि कॉटवरही सामान. दारापासून ओट्यापर्यंत जायला आडवं होऊन सरकावं लागत होतं.

"माझं बोलणं झालंय," तो बहिणीला म्हणाला. "राहुरीकडं एक वृद्धाश्रम आहे. एक तारखेला न्यायचं. परत पडली तर कोण बघणार, ताई?"

रश्मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. नगरला एका लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायची आणि लेडीज होस्टेलच्या अर्ध्या खोलीत राहायची. दिवसभरात दोनशे नळ्यांवर नाव-नंबर चिकटवणाऱ्या माणसाला पसारा म्हणजे काही दैवी संकट वाटत नाही.

"पंधरा दिवस दे," ती म्हणाली. "खोली मोकळी करून दाखवते. मीही इथंच राहायला येते. श्रीरामपूरला काम बघते."

"दोघी? यात?"

"यातच."

तिने पहिल्याच सकाळी दारापुढच्या ओट्यावर तीन चादरी अंथरल्या. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. प्रत्येक वस्तू आईपुढे धरायची आणि विचारायचं. आई रडेल, भांडेल, अशी तिची तयारी होती. पण भामाबाई शांतपणे प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या आणि अर्ध्याअधिक वस्तूंना एकच म्हणाल्या,

"हे माझं न्हाई. पन टाकू नको."

एकाच पायाची रबरी चप्पल. पाटी. बटणांनी भरलेला डबा. अर्धा विणलेला स्वेटर. अकरा स्टीलचे पेले. रंभाजींनी घेतलेल्या प्रत्येक भांड्यावर त्यांचं नाव आणि साल कोरलेलं होतं. या पेल्यांवर नावाच्या जागी नुसता घासून गुळगुळीत झालेला पट्टा होता. आणि सगळं कसं स्वच्छ! आठ वर्षांच्या अडगळीत धुळीचा कण नाही.

आईची आठवण कमी झाली असावी, असं रश्मीने मनात नोंदवलं. परक्या वस्तूंची वेगळी पोती भरून तिने दाराजवळ ठेवली.

चौथ्या दिवशी खिडकीखालचा कोपरा पूर्ण मोकळा झाला. शहाबादी फरशी पहिल्यांदा दिसली. भंगारवाल्याचा टेम्पो ठरवायला ती चौकात गेली आणि वीस मिनिटांत परतली. कोपऱ्यात एक घडी घातलेली गोधडी होती. गोधडीवर तीन वाट्या, एकात एक.

आई दारातच बसलेली होती.

"कोण आलं होतं?"

"कुनी न्हाई."

"मग हे कुणी ठेवलं?"

"बाई ठिवून गेली."

"कोण बाई?"

"मला दिसली असती तर नाव इचारलं नसतं व्हय?"

रश्मीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गोधडी आणि वाट्या उचलून तिने बारा वाजता मोबाईलवर कोपऱ्याचा फोटो काढला, खिडकी आतून लावली, दाराला कुलूप घातलं आणि आईला घेऊन दवाखान्यात गेली. अडीचला परत आल्यावर पुन्हा फोटो काढला. पहिल्या फोटोत नुसती फरशी होती. दुसऱ्यात पितळेची फुलपात्रं होती, चार, ओळीने.

त्या दिवशी तिने आईला नीट विचारलं. कधीपासून?

"तुझं बाबा गेलं तवापासून. मोकळी जागा दिसली की ठिवती. मला वाटलं, तिला घर नसंल. कुनाच्या तरी भरवशावर ठिवत असंल. नको कसं म्हनायचं?"

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"संदीपला सांगितलं असतं तर यड्यात काढलं असतं मला. आन पसारा माझाच म्हनला असता."

आठ वर्षं रश्मी दर सणाला येऊन या पसाऱ्यावरून आईला बोलत होती.

सहाव्या दिवशी दुपारी कोपरा पुन्हा मोकळा करून ती स्वतः त्याच्यासमोर बसली. बाहेर उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गाणं लावून गेली. मग सामसूम झाली. उन्हाची पट्टी फरशीवरून वीतभर सरकली. काही हललं नाही.

मग ओल्या कपड्यांचा वास आला. नुकते पिळलेले, साबणाचे. दोरीवर काहीच नव्हतं.

तिने डोळे मिटले नाहीत. तिला खात्री होती, मिटले नाहीत.

कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती.

पेटी आली असं वाटलंच नाही. सकाळपासून तिथेच असल्यासारखी होती.

अंगावर काटा आला, पण त्याखाली आणखी एक गोष्ट रश्मीला जाणवली. कुणीतरी अगदी जवळ उभं आहे. दोन्ही हात भरलेले आहेत. आणि ठेवू का, म्हणून विचारायचा त्याला संकोच वाटतोय.

ती उठली. ओट्याशेजारच्या भिंतीत सिमेंटची एक फळी होती, दीड हात लांब. तिच्यावरचे मसाल्याचे डबे तिने खाली घेतले. फळी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने.

"बाई," ती मोठ्याने म्हणाली. "ही फळी तुमची. यावर मावेल तेवढं ठेवा, कुणी हात लावणार नाही. पण बाकीचं घर आमचं आहे. माझी आई पडली त्यात."



भामाबाई कॉटवरून म्हणाल्या, "बस, एवढंच तर सांगायचं हुतं कुनीतरी."

सकाळी दाराजवळची पोती रिकामी होती, घडी घालून एकावर एक ठेवलेली. पेले नाहीत, पाटी नाही, पेटी नाही. फळीवर फक्त एक फ्रॉक होता. लहान मुलीचा, पिवळा, निळ्या फुलांचा.

मग रश्मीचा हात थांबेना. राहिलेलं सामान त्यांचं स्वतःचं, आणि ते होतं तरी किती! कॉटखाली चाकांचे दोन खोके, दारामागे खुंट्या, भिंतीला घडीचं टेबल, ओट्यावर नावं चिकटवलेले बारा डबे. जास्तीची पातेली तिने पौर्णिमेच्या भोजनदानासाठी विहाराला दिली.

पंधराव्या दिवशी रविवारी संदीप बायकोला, पूजाला, घेऊन आला. चप्पल काढायचं विसरून तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताई... हीच खोली का?"

"चप्पल तिकडं, स्टँडवर," रश्मी म्हणाली.

भामाबाई कॉटवरून उठल्या. कशालाही न धरता दारापासून ओट्यापर्यंत चालत गेल्या. नऊ पावलं, सरळ. तिथे वळून, डाव्या हाताने गॅस पेटवून म्हणाल्या, "च्या घेता का राहुरीला जाता?"

संदीप आधी हसला, मग त्याचे डोळे भरून आले. त्याने बाहेर जाऊन फोन लावला. आई कुठेही जाणार नाही, असं तो तिकडच्या माणसाला सांगताना शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं.

पूजा कौतुकाने एकेक डबा बघत होती. "ताई, ही फळी तेवढी वाया गेली. इथं मिक्सर बसेल बघा."

"नको!" मायलेकी एकदम म्हणाल्या.

मार्चमध्ये रश्मीला श्रीरामपूरला काम मिळालं. रांगेतल्या बायका खोली बघायला यायच्या, मग आपापल्या घरी तिला बोलवायच्या. भामाबाईंचं प्लास्टर निघालं. संध्याकाळी त्या मोकळ्या फरशीवर पाय पसरून बसायच्या आणि येईल त्याला बसायला सांगायच्या. गेल्या आठ वर्षांत त्यांच्या घरी कुणी बसलंच नव्हतं. रश्मीला वाटायचं, आयुष्यात एक लढाई आपण पुरती जिंकली.

जूनच्या मध्याला, शाळा उघडायच्या आठवड्यात, तिने नेहमीसारखी ती फळी पुसायला घेतली. फ्रॉक उचलताना त्याची घडी सुटली.

खालची पट्टी उसवून फ्रॉकची उंची दोन बोटं वाढवली होती, वाढत्या मुलीसाठी वाढवतात तशी. नवी शिवण हाताची होती, बारीक, एकसारखी. दुमडीतून सुटलेली पट्टी मात्र अजून पिवळीधमक होती, तिला ऊन लागलं नव्हतं.