जहांगीरचं फंक्शन

नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यापुढं कोकिळाबाई पावती हातात धरून उभ्या होत्या आणि हटायला तयार नव्हत्या. मागे कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या.

"नवऱ्याचं नाव लावत नाही मी. ते जागा रिकामी ठेव म्हनलं होतं," त्या काट्यावरच्या माणसाला सांगत होत्या. "अन् ह्या मशीननं तिथं गावाचं नाव छापलं. माह्यं लग्न का गावासंगं लागलं, बाप्पा?"

गाडीवाले हसले. महेजबीन हसली नाही. काट्याचं सॉफ्टवेअर तिच्याच ऑफिसातून आलेलं होतं आणि तक्रार पाहायला ती स्वतः आली होती.

"लागून आलेले दोन स्वल्पविराम एकच समजून राह्यलं हे," बाजूला उभा असलेला एक तरुण पावतीकडे वाकून म्हणाला. "ज्यानं लिहिलं, त्याले रिकामी जागा दिसतच नसंन."

"त्याले सगळं दिसत होतं," महेजबीन गर्रकन वळून म्हणाली. आवाज नको तेवढा चढला होता, हे तिचं तिलाच कळलं.

तो स्वतःच्या खांद्याला बोट लावत हळूच म्हणाला, "तुमच्या ओढणीवर… कापूस."

तिनं खांदा झटकला.

"तो नाही. दुसरा."

तिला राग आला. आणि रागाच्या आतून हसू येऊ पाहतंय, याचा त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी तोच तरुण ऑफिसात हजर. नोकरीवर रुजू होण्याआधी मशीन बघून घ्यावी म्हणून स्वारी काट्यावर गेली होती म्हणे. मालक शेषरावांनी ओळख करून दिली. "हे कामरान, दुसरबीडचे. काट्याचं ते फंक्शन हेच दुरुस्त करतीन. पण महेजबीनबाईनं वाचल्याबिगर इथून एक ओळ बाहेर जात नाही, हे ध्यानात ठेवा."

ते फंक्शन म्हणजे सी भाषेतल्या मोजक्या ओळी. शेतकऱ्याचं नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, वजन हे सगळं स्वल्पविरामांनी जोडून एका ओळीत यायचं आणि ती ओळ तोडून एकेक तुकडा वेगळा करणं एवढंच त्याचं काम. मधला तुकडा रिकामा असला की ते त्याला गिळून टाकायचं आणि पुढचं सगळं एकेक घर मागे सरकायचं. चूक जुनी होती, महेजबीनला ठाऊकही होती. पण ते फंक्शन जहांगीरनं लिहिलं होतं.

जहांगीर महेजबीनचा नवरा. तापाचं निमित्त झालं आणि दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याचे कपडे वाटून झाले, मोटरसायकल दिरानं नेली. ती त्याच्या अम्मीजवळ, खुर्शीदाबींजवळच राहिली. त्याच्या हातचं म्हणावं असं जगात आता तेवढंच चालू होतं, दर काट्यावर, दर पावतीला. ते पुसायचा बदल मंजूर करायचा तोही तिनंच.

कामरानचा पहिला बदल आला आणि तिनं परत पाठवला. चूक खरीच होती. ओळीची नक्कल करताना त्यानं अक्षरं तेवढीच जागा मागितली होती. सी भाषेत ओळ संपली हे सांगायला शेवटी एक शून्य बसतं, त्याची सोयच नव्हती.

"एका जागेसाठी परत?" तो तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला.

"शून्य काय माह्या डोक्यावर बसवता?"

"बसलं तर शोभंन," तो म्हणाला आणि तिनं मान वर करायच्या आत सटकला.

दुसऱ्या वेळी तिनं विचारलं, ओळ स्वल्पविरामावरच संपली तर शेवटचा रिकामा तुकडा कुठं गेला? तो खरंच गेला होता. त्यानं कान धरले. तिसरा बदल मात्र चोख होता. ती तो वाचत राहिली, पुन्हा वाचत राहिली, आणि मग लिहिलं की फंक्शनचं नाव पटत नाही. त्यानं नाव बदललं. तिनं लिहिलं, मोकळ्या ओळी फार झाल्या. त्यानं कमी केल्या. तो एका शब्दानं कुरकुरला नाही आणि तिला त्याच्या उत्तराची वाट पाहायची सवय लागली. हेच तिला सोसेना. जुनं जपण्यासाठी आपण अडून बसलोय, की हा पुन्हा टेबलाशी यावा म्हणून? मनात असं आलं की जहांगीरचा चेहरा समोर येई आणि तिला स्वतःची लाज वाटे.

एके दिवशी चहाच्या वेळी शेषरावांनीच कामरानला सगळं सांगितलं. दुपारी तो आला तो खाली मान घालून.

"मॅडम, मले माहीत नव्हतं. काट्यावर मी जे बोललो…"

"खरंच बोलले होते तुम्ही."

"नवीन बदल पाठवला. जुनं फंक्शन जसंच्या तसं ठेवलं. माह्यं बाजूले, वेगळ्या नावानं. त्याले कोणी हात लावणार नाही."

तिनं स्क्रीनवर पाहिलं. वर जहांगीरचं, खाली कामरानचं. तिचे डोळे भरून आले. हा माणूस आपलं काम बाजूला सारून तिच्या गेलेल्या माणसाला जागा करून देत होता. त्या क्षणी तिला स्वच्छ कळलं की याच्यावर आपलं प्रेम बसलंय. आणि हेही कळलं की हा बदल मंजूर करता येणार नाही.

"दोन ठेवाल तर उद्या कोणी तरी चुकीचं उचलंन," ती म्हणाली. "कोकिळाबाईच्या पावतीवर पुन्हा गावच येईन. जुनं काढा."

"मॅडम, राहू द्या…"

"त्याले चूक दाखवली असती तर त्यानंच काढलं असतं. त्याच्यामागं काढायले मीच भेत होते. तुमच्या तिसऱ्या बदलात काही चूक नव्हती, कामरान. मी अडवून धरला."

तिच्याच शेजारी बसून कामराननं त्या ओळी काढल्या. निघालेल्या ओळी स्क्रीनवर लाल दिसतात. तिनं एकेक लाल ओळ सावकाश, ओठ हलवत वाचली, कबरीपाशी फातिहा म्हणावा तशी. मग मंजूर केलं. बाहेर एक मालगाडी बराच वेळ जात राहिली.

"एक सांगू?" कामरान म्हणाला. "चुका मुद्दाम नव्हत्या केल्या मी. पण तुम्ही परत पाठवलं की… बरं वाटे. आता बहाणा संपला, म्हणून सरळच सांगतो. मले तुमच्यासंगं निकाह करायचा आहे."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"घरी अम्मी आहे," ती म्हणाली. "त्याची अम्मी. रविवारी या. मले जे म्हणलं, ते तिच्यापुढं म्हणा."

"त्या नाही म्हणल्या तर?"

महेजबीननं डोळे पुसले आणि पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"तर परत पाठवीन. तुम्ही पुन्हा या."